शॉवरची मिनिटं मोजतो आणि फ्लश गळताना गप्प बसतो

सकाळी साडेसहाला फोन टुंग करून वाजला. घरातलं पाणी मोजणाऱ्या यंत्राच्या अॅपमधला तोच तो हसरा थेंब. "आजची आंघोळ ९ मिनिटांची झाली, थोडं जपून!" अरे, तू कोण मला सांगणारा? माझ्या आंघोळीवर घड्याळ लावून बसतोस, मग एकोणीस दिवस फ्लशची टाकी रात्रंदिवस गळत होती तेव्हा कुठे तोंड लपवून बसला होतास?

एकोणीस दिवस! आई पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती, "रात्री बाथरूममधून बारीक आवाज येतो गं." मी तिला अॅप उघडून दाखवलं. हिरवा गोल, खाली 'गळती नाही'. म्हटलं, मशीनचं लक्ष आहे, तू झोप. तिचे कान बरोबर होते आणि मी तिला गप्प केलं. सगळ्यात जास्त राग याचाच येतोय.

शेवटी परवा टाकीचं झाकण काढलं, निळ्या शाईचे चार-पाच थेंब आत टाकले आणि कुणाला फ्लश करू दिला नाही. दहा मिनिटंही लागली नाहीत. भांड्याच्या पांढऱ्याशुभ्र उतारावरून निळी रेघ सरसर खाली आली. टाकीच्या तळाचं रबरी सील कडक होऊन एका कडेला उचललं गेलं होतं. एवढंसं रबर. बदलायला पाव तास लागला.

मग मी चिडून अॅपमधले तासातासाचे आकडे खणून काढले. रात्री दोन ते चार, घरात सगळे झोपलेले, तिथे शून्यच हवा. आणि होते १२ लिटर. दर तासाला. रोज. म्हणजे दिवसाला २८८ लिटर, एकोणीस दिवसांत जवळपास साडेपाच हजार लिटर पाणी गटारात! सेन्सरला सगळं दिसत होतं. आकडे कंपनीकडे पडून होते. मग कळवलं का नाही? तर म्हणे, सततच्या बारीक गळतीचा इशारा वरच्या प्लॅनमध्ये मिळतो. तुमच्या प्लॅनमध्ये पाइप फुटला तर कळवतो. अहो, पाइप फुटला तर घरात तळं साचेल, ते मला दिसणार नाही का? मी पैसे मोजले ते न दिसणाऱ्या गळतीसाठी!

तसा हा ताप पहिल्या दिवसापासूनचा. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ या एकाच पट्ट्यावर ते यंत्र जोडलं जातं, दुसऱ्यावर नाही, हे खोक्यावर कुठेही ठळक लिहिलेलं नाही. संध्याकाळ त्यातच गेली. पाणी मोजणाऱ्या अॅपला माझे फोनमधले नंबर कशाला हवेत? 'तुमच्यासारख्या घरांपेक्षा १२ टक्के जास्त' म्हणजे कुठली घरं? किती माणसांची? आमच्याकडे अंथरुणावर पडलेलं माणूस आहे, रोज चादरी धुवाव्या लागतात, हे त्या थेंबाला कुणी विचारलंय? आणि दर आठवड्याला 'रेटिंग द्या'. मला त्या हसऱ्या चेहऱ्याची शिसारी आली आहे.

आता झोपताना सगळे नळ बंद करून पाण्याच्या साध्या मीटरचा आकडा वहीत लिहिते. लाल आकड्यांसकट, बारीक गळती त्यांच्यातच दिसते. सकाळी कुणी नळ उघडायच्या आत पुन्हा बघते. काल रात्री आणि आज सकाळी आकडा एकच. रात्री एकदाही बाथरूम वापरायचं नाही, एवढीच अट. ना वायफाय, ना प्लॅन.

आज अॅप काढून टाकायला गेले, तर खातं बंद करण्याआधी कारण सांगा म्हणतात. चार पर्याय दिलेत: फोन बदलला, घर बदललं, वापर समजत नाही, इतर. 'इतर'वर बोट ठेवलं, तर लिहायला जागाच नाही.