आई गेली, हे 'कळवू इच्छितो'?

आज सकाळी दुकान उघडून पंखा लावतोय तोच एक पोरगा मॅटर घेऊन आला. फोंड्याच्या बाजारातली माझी छपाई तुमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. परवा त्याची आई वारली. थोरला भाऊ क्रियेला बसलाय, म्हणून हा धाकटा धावपळ करतोय. बाराव्याची शंभर कार्डं हवी होती. मॅटर मोबाइलवरच टाइप करून आणला होता. पहिलीच ओळ : 'आपणांस कळवू इच्छितो की, आमच्या आईचे दुःखद निधन झाले आहे.'

मी ती ओळ दोनदा वाचली. इच्छितो? आई गेल्याचं कळवायची इच्छा कोणाला होते रे?

त्याला काही बोललो नाही. डोळे सुजले होते त्याचे. 'प्रूफ काढून ठेवतो, दुपारी ये' इतकंच म्हटलं. पण तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. आता दुपारचं शटर अर्धं ओढलंय, बाजार झोपलाय आणि मी लिहायला बसलोय.

हे 'इच्छितो' आलं कुठून ते सगळ्यांना माहीत आहे. इंग्रजीतल्या 'वुड लाइक टू'चं हे कलम. 'वी वुड लाइक टू इन्फॉर्म यू', 'आय वुड लाइक टू थँक', 'आय वुड लाइक टू रिक्वेस्ट'. दिवसाला दहा अर्ज टाइप करतो मी लोकांचे. त्यातले आठ याच तीन शब्दांनी सुरू होतात. तेच मराठीत उतरलं. सभेत 'मी आभार मानू इच्छितो', टीव्हीवर 'मला सांगायला आवडेल', जत्रेच्या हँडबिलात 'समस्त भाविकांचे स्वागत करू इच्छितो'. अरे, मग करा ना स्वागत! इच्छा कसली सांगताय? दारात उभ्या पाहुण्याला 'या बसा' म्हणतात. 'या म्हणू इच्छितो' असं कोणी म्हणतं का?

१९९१ साली मीही हेच केलं होतं. तेव्हा बाबांचा छापखाना होता, पायाने चालवायचं ट्रेडल मशीन होतं, आणि आम्हाला थ्री फेज वीज हवी होती. मी नुकताच कॉलेजातून बाहेर पडलेलो, इंग्रजी अर्ज मीच लिहिला. 'आय वुड लाइक टू रिक्वेस्ट यू टू काइंडली...' असा झोकात. बाबांना घेऊन पणजीला गेलो. तिथल्या वयस्क हेडक्लार्कने अर्ज हातात घेतला, पहिली ओळ वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, 'तूं विनंती करता, काय करपाक सोदता?'

विनंती करतोस, की करू पाहतोस? मला उत्तर सुचलं नाही. त्याने लाल पेन उचललं, 'वुड लाइक टू' वर एक सरळ रेघ मारली आणि अर्ज ठेवून घेतला. 'आय रिक्वेस्ट' एवढंच उरलं. बाहेर कदंबा स्टँडवर बसची वाट बघताना बाबा म्हणाले, 'तीन शब्दांचे खिळे वाचले बघ.' खिळे हाताने जुळवणारा माणूस तो. एकेक अक्षर चिमटीत धरून ओळीत बसवायचं, छपाई झाली की पुन्हा एकेक खणात टाकायचं. फालतू शब्द त्यांच्या बोटांना बोचायचा.

आता कोणी म्हणेल, इंग्रजीत ते सभ्यतेचं बोलणं आहे. आहे, मान्य. हॉटेलात 'आय वुड लाइक अ कप ऑफ टी' म्हणणं योग्यच. तिथे तुम्ही स्वतःसाठी काही मागताय, म्हणून आपली इच्छा जरा मऊ करून पुढे ठेवताय. 'वुड' हे मुळात 'विल'चं भूतकाळी रूप, आणि 'विल'चा जुना अर्थच मुळी इच्छा धरणे असा. पण माफी मागणं, आभार मानणं, विनंती करणं या गोष्टी बोलता बोलताच होतात. 'मी माफी मागतो' म्हटलं की मागून झाली. 'मागू इच्छितो' म्हटलं की माफी उंबऱ्याबाहेरच उभी राहते. इंग्रजाच्या कानाला ती आत आलेली वाटते म्हणे. वाटू दे. मराठी कानाला नाही वाटत.

आणि त्या 'वुड'चं आपल्याला असं वेड लागलंय की साध्या 'विल'च्या जागीही तेच. गेल्या वर्षी एका हॉलची नोटीस छापायला आली होती, 'द हॉल वुड रिमेन क्लोज्ड ऑन १९ डिसेंबर'. गोवा मुक्तिदिनी हॉल बंद राहील की बंद राहिला असता? राहिला असता, तर कशाने उघडला? मी 'विल' करून दिलं, तर गिऱ्हाईक मलाच म्हणालं, 'वुड जास्त पोलाइट दिसतं.' बंद दाराला कसला आलाय नम्रपणा! तेव्हाही मला तो हेडक्लार्कच आठवला. तो असता तर रेघ मारून मोकळा झाला असता. मी गप्प बसलो आणि 'वुड' छापून दिलं. चूक केली.

राग येतो तो याचाच. भाषेसाठी या गोव्याने काय कमी पाहिलंय? महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही याचा १९६७ चा जनमत कौल, मग राजभाषेचं आंदोलन, १९८७ चा कायदा. कोकणी राजभाषा झाली, कारभारात मराठीलाही जागा मिळाली. एकाच घरातले दोन भाऊ दोन बाजूंना उभे राहिलेले मी पाहिलेत. घरात कोकणी, पत्रिका आणि पूजा मराठीत, आजोबांच्या कपाटात पोर्तुगीज कागद, हे सगळं आपण निभावलं. आणि एवढं भांडून आपल्या सुखदुःखाच्या कार्डावर वाक्य कुणाचं? कंपनीच्या ईमेलचं! तेही पोटात काही नसलेलं, नुसतं वेष्टन.

भाषा बदलते, हेही म्हणाल. बदलते. पण बदललेली भाषा निदान दुःख दुःखासारखं तरी सांगू दे.

(इथे थांबावं लागलं. शटरखालून वाकून तोच पोरगा आला, प्रूफ बघायला.)

आता पुढे लिहितो, जरा शांत होऊन. त्या पोराची चूक नाही. दहावीपर्यंत इंग्रजी पत्राचे मायने त्याच्याकडून घोकून घेतले असणार, मराठी पत्र कोणी लिहून दाखवलं असणार? माझ्या खणात बाबांनी छापलेल्या कार्डांची फाइल आहे, एकेक नमुना चिकटवलेला. 'आगत्याचे निमंत्रण', 'लोभ असावा ही विनंती', 'हे कळविण्यास अत्यंत दुःख होते'. कागद पिवळा पडलाय, पण प्रत्येक ओळीत माणूस उभा आहे, जेवायला बोलावणारा नाहीतर रडणारा. हे त्या पोराने कधी पाहिलेलंच नाही, तर लिहिणार कुठून?

मी प्रूफ त्या फाइलवरूनच जुळवलं होतं : 'आमच्या मातोश्रींना देवाज्ञा झाली, हे कळविण्यास अत्यंत दुःख होते.' खाली नाव, तारीख, बाराव्याची वेळ. त्याने ओठ हलवत वाचलं. 'काका, देवाज्ञा म्हणजे?'

देवाने बोलावलं, म्हटलं.

तो स्टुलावर बसला. बराच वेळ कागद हातात धरून होता. मग 'मातोश्रीं'वर बोट ठेवून म्हणाला, 'हें नाका, काका. आई दवर.'

ठेवलं. 'आमच्या आईला देवाज्ञा झाली.' संध्याकाळी सहाला शंभर कार्डं न्यायला येतोय.