‘मनालीहून सात दिवसांत संपूर्ण स्पिती’ : या सल्ल्यात काय चुकते आहे

मार्च-एप्रिल उजाडला की मुंबई-पुण्याच्या प्रवासी गटांमध्ये एक मजकूर नेमाने फिरू लागतो. हिमाचल प्रदेशातली स्पिती दरी स्वतःच्या गाडीने सात दिवसांत ‘पूर्ण’ होते, असा त्याचा दावा आहे. त्यासाठी शिमला-किन्नौरचा लांबचा रस्ता टाळून मनालीहून अटल बोगद्यातून थेट आत शिरावे, पहिली रात्र चंद्रताल सरोवरापाशी काढावी, दुसऱ्या दिवशी काझा हे दरीतले मुख्य गाव गाठावे आणि उरलेल्या दिवसांत गावे पाहत शिमल्याकडून बाहेर पडावे, असे त्यात सांगितलेले असते. सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्यांना विरळ हवेचा त्रास होत नाही, झालाच तर कापूर हुंगावा आणि ऑक्सिजनचा डबा जवळ ठेवावा, शिवाय गाडी कोणतीही चालते आणि परवाना लागत नाही, अशी पुस्तीही त्याला जोडलेली असते. मी हा प्रवास दोन्ही बाजूंनी केला आहे आणि या सल्ल्याप्रमाणे वागून एकदा एका मित्राचा जीव धोक्यात घातला आहे. म्हणून यातला एकेक मुद्दा तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

मनालीकडून गेल्यास दोन दिवस वाचतात, हा यातला मुख्य दावा आहे. नकाशावर तो खरा दिसतो. मनाली ते काझा हे अंतर सुमारे 200 किलोमीटर आहे, तर शिमल्याकडून काझा 400 किलोमीटरांहून अधिक पडते. ऑक्टोबर 2020 मध्ये 9.02 किलोमीटर लांबीचा अटल बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांगचा घाटही चढावा लागत नाही. परंतु या प्रवासात मोजायचे असते ते किलोमीटर नव्हेत, तर आपण दर रात्री किती उंचीवर झोपणार आहोत, ते. मनाली साधारण 2,050 मीटरवर आहे आणि चंद्रताल साधारण 4,250 मीटरवर. म्हणजे सकाळी सफरचंदांच्या बागेत चहा पिऊन निघालेला माणूस त्याच रात्री 2,200 मीटर अधिक उंचीवर अंग टाकतो. उंचीच्या आजारांवर काम करणारे डॉक्टर सांगतात की 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत 500 मीटरहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे. या मोजमापाने पाहिले, तर वाचलेले ते दोन दिवस शरीराच्या खात्यातून काढलेले असतात.

आता किन्नौरचा रस्ता पाहा. पहिला मुक्काम नारकंड्याला केला तर उंची 2,700 मीटरच्या आसपास असते, दुसरा कल्प्याला केला तर 2,960 मीटर आणि तिसरा ताबोला केला तर सुमारे 3,280 मीटर. बहुतेक लोक तिसऱ्या रात्री नाकोला थांबतात, कारण तिथला तलाव सुंदर आहे. पण नाको 3,660 मीटरवर आहे आणि कल्प्याहून ती उडी 700 मीटरची होते. नाको दुपारी पाहून, जेवून पुढे ताबोला उतरणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. ताबोचा मातीचा मठ 996 सालचा आहे. त्याच्या अंधाऱ्या सभागृहात, भिंतींवरच्या मूर्ती हळूहळू डोळ्यांना दिसू लागेपर्यंत शांत बसून राहणे, हीसुद्धा विरळ हवेशी जुळवून घेण्याची एक उत्तम रीत आहे. चौथ्या दिवशी धनकरचा मठ पाहून काझाला पोहोचेपर्यंत शरीर तयार झालेले असते.

उतरण्याचा प्रश्न तर त्या मजकुरात येतच नाही. उंचीचा त्रास बळावला तर खरा उपाय एकच असतो : खाली उतरणे. किन्नौरच्या रस्त्यावर आपण आलेली वाट मागे फिरून धरली की, नाकोजवळचा चढ सोडला तर, उंची कमी होत जाते. चंद्रतालला मात्र रात्री कोणी आजारी पडले, तर काझाच्या आरोग्य केंद्राकडे जाण्यासाठी आधी सुमारे 4,550 मीटर उंचीची कुंझुम खिंड चढावी लागते. दुसऱ्या बाजूला मनालीकडे उतार आहे, पण तो चंद्रतालखालच्या बातलपासून अटल बोगद्याच्या बाजूच्या ग्रामफूपर्यंतच्या दगडगोट्यांच्या रस्त्यावरून, आणि त्या पट्ट्यात मोबाइलवर मदत मागता येईल असे धरून चालता येत नाही.

सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्यांना त्रास होत नाही, हा दुसरा दावा मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो आपल्या अभिमानाला गोंजारतो. महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर कळसूबाई 1,646 मीटर उंच आहे, म्हणजे मनालीहूनही खाली. तिथे शंभर वेळा चढलेल्या माणसाचे पाय आणि दम उत्तम असतील, परंतु त्याच्या शरीराला विरळ हवेची ओळख झालेली नसते. चंद्रतालच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे 60 टक्केच उरतो. हवेतले ऑक्सिजनचे प्रमाण तेवढेच असते, पण दाब घटल्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर तो कमी मिळतो. तंदुरुस्ती या त्रासापासून वाचवत नाही. उलट तंदुरुस्त माणूस पोहोचल्या पोहोचल्या कॅमेरा घेऊन टेकडी चढतो आणि डोके दुखू लागले तरी बोलत नाही.

माझा तो मित्र अर्धमॅरेथॉन धावणारा होता. चंद्रतालजवळच्या तंबूंच्या तळावर पोहोचलो तेव्हा गाडीतली फरसाणाची पाकिटे फुग्यासारखी टम्म फुगली होती आणि तो त्यांचे फोटो काढत हसत होता. संध्याकाळी त्याचे डोके धरले, जेवण नको म्हणाला. रात्री दोनच्या सुमारास मला जाग आली ती त्याच्या ओकाऱ्यांनी. तो जॅकेटची चेन लावू पाहत होता आणि त्याच्या बोटांना ती सापडत नव्हती. मी विजेरीच्या उजेडात त्याला टाचेला बोटे टेकवत सरळ रेषेत चालायला सांगितले. तिसऱ्या पावलाला तो झोकांडला. हे मेंदूला सूज येत असल्याचे लक्षण असू शकते, हे मी वाचलेले होते. आम्ही पहाटे तीनला निघालो. त्याच रस्त्यावरच्या बातल ते छत्रू या तीसेक किलोमीटरांना अडीच तास लागले आणि त्या अडीच तासांत तो झोपू नये म्हणून मी त्याला त्याच्या मुलीविषयी काय काय विचारले, ते आजही आठवते. मनालीत दुपारी तो धड चालू लागला. रस्त्यावर एखादी दरड पडलेली असती तर काय झाले असते, याचा विचार मला अजूनही सोडत नाही.

कापराविषयी थोडे. करोनाच्या दुसऱ्या लाटेत कापूर-लवंग-ओव्याची पुरचुंडी हुंगल्याने ऑक्सिजन वाढतो असे निरोप घरोघरी फिरले होते. तोच समज आता हिमालयात पोहोचला आहे. कापराचा वास नाकातल्या थंडावा जाणवणाऱ्या चेतातंतूंना चेतवतो, त्यामुळे श्वास मोकळा झाल्यासारखे वाटते. रक्तातला ऑक्सिजन त्याने वाढत नाही. बरे वाटल्याच्या भ्रमात माणूस उतरायचे टाळतो, हा त्याचा मोठा तोटा. शिवाय कापूर पोटात गेल्यास विषारी असतो, म्हणून लहान मुले असलेल्या गाडीत त्याच्या वड्या उघड्या ठेवू नयेत. ऑक्सिजनच्या छोट्या डब्याचा हिशेब तर सरळ आहे : दहा लिटरचा डबा मिनिटाला दोन लिटर दराने पाच मिनिटांत संपतो. ॲसिटाझोलामाइड हे औषध प्रतिबंधासाठी खरोखर उपयोगी पडते, पण ते निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे. सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नये. आणि ते घेतले म्हणून पहिल्या रात्री चंद्रताल गाठण्याची मुभा मिळत नाही.

गाडी कोणतीही चालते, हे अर्धसत्य आहे. किन्नौरमार्गे काझापर्यंत लहान गाड्या जातात आणि मी त्या पाहिल्या आहेत. पण मनालीच्या बाजूला, ग्रामफूपासून पुढे, रस्ता अनेक ठिकाणी नाल्यांमधून जातो आणि कमी उंचीच्या गाडीचे इंजिनाखालचे तेलाचे चेंबर एखाद्या गोट्यावर फुटले तर ते तिथे दुरुस्त होत नाही. या नाल्यांचे एक वेळापत्रक असते. वर बर्फ उन्हाने वितळते, म्हणून सकाळी घोट्यापर्यंत असलेले पाणी दुपारनंतर गुडघ्याच्या वर चढते आणि गढूळ होते. मग तळाचा खड्डा दिसत नाही. मुंबईहून विमानाने येऊन, मनालीत गाडी घेऊन सकाळी अकराला निघालेला माणूस नेमका वाईट वेळी नाल्यापाशी पोहोचतो. मोबाइलवरचा नकाशा हे काही सांगत नाही; त्याने दाखवलेल्या तासांत मी तरी निम्म्याची भर घालूनच दिवस आखतो. मनालीहून निघताना टाकी भरलेली हवी, कारण त्या वाटेवर पुढचा भरवशाचा पंप काझालाच आहे. किन्नौरच्या बाजूने येताना रेकाँग पिओच्या परिसरात इंधन भरावे. रोख रक्कमही तिथूनच घेतलेली बरी.

परवान्याच्या बाबतीत तो मजकूर बरोबर आहे : भारतीय नागरिकांना स्पितीसाठी इनर लाइन परवाना, म्हणजे सीमेलगतच्या भागात शिरण्याची परवानगी, लागत नाही. परदेशी पारपत्रावर येणाऱ्या आप्तांना मात्र किन्नौर-स्पितीच्या सीमेलगतच्या पट्ट्यासाठी तो घ्यावा लागतो आणि परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरी त्यातून सुटका नाही. अमेरिकेहून आलेल्या भाच्याला बरोबर नेणार असाल, तर एवढे ध्यानात ठेवा.

सुट्ट्यांचा मुद्दा मात्र मूळ मजकुराने पूर्ण दुर्लक्षिलेला आहे, आणि आपल्यासाठी तोच कळीचा आहे. आपल्या शाळांच्या मोठ्या सुट्ट्या मे महिन्यात आणि दिवाळीत असतात. कुंझुम खिंड हिवाळ्यात बर्फाने बंद होते आणि बरेचदा मे उलटताना किंवा जूनमध्ये उघडते. दिवाळीच्या सुमारास ती पुन्हा बंद होण्याच्या बेतात असते. म्हणजे ज्या काळात बहुसंख्य मराठी कुटुंबे निघतात, त्या काळात मनालीकडची वाट खुली असेलच असे धरता येत नाही. ऐन उन्हाळ्यातही खात्री नसते. जुलै 2023 मध्ये चंद्रतालच्या तळांवर अवेळी बर्फ पडून सुमारे तीनशे पर्यटक कित्येक दिवस अडकले होते आणि त्यांना कुंझुमवरचे बर्फ हटवून काझाच्या बाजूने बाहेर काढावे लागले. अशा ठिकाणी सातव्या दिवशीचे परतीचे विमान आधीच काढून ठेवणे म्हणजे चालकाला नको तेव्हा नाला ओलांडायला भाग पाडणे होय.

तेव्हा हाती सातच दिवस असतील, तर ते चंदीगडपासून मोजावेत. नारकंडा, कल्पा, ताबो आणि काझा असे चार मुक्काम झाल्यावर पाचव्या दिवशी ‘की’ मठ आणि किब्बर, लांगझा ही गावे पाहून रात्री पुन्हा काझालाच झोपावे. सहावा दिवस मोकळा ठेवावा आणि त्या दिवशी काझातल्या टॅक्सीचालकांना कुंझुमची ताजी स्थिती विचारावी. वाट खुली असेल तर सातव्या दिवशी पहाटे पाचला निघून मनाली गाठता येते. ती बंद असेल तर त्याच मोकळ्या दिवशी, सकाळीच, आल्या वाटेने शिमल्याकडे निघावे लागते आणि तो प्रवास दोन दिवसांचा आहे. या आखणीत चंद्रतालचा मुक्काम बसत नाही, हे मला मान्य आहे. तो हवाच असेल तर शेवटी, काझात तीन रात्री काढल्यावर ठेवावा, आणि रजेचा अर्ज सात नव्हे, नऊ दिवसांचा करावा.