पंपाची सवय, की आटोक्यात न आलेला दमा?

सप्रेम नमस्कार. दम्यावरील माझ्या लेखाबद्दल आपण लिहिले आहे की, मी स्टेरॉइडच्या पंपाची (इनहेलरची) भलामण करतो, आणि आपल्या वडिलांना पंपाची इतकी सवय लागली आहे की दिवसातून सहा-सात वेळा तो घेतल्याशिवाय त्यांना कळवा स्टेशनचा जिनाही चढवत नाही.

आपला एक आक्षेप मला मान्य आहे. पंपाचे दुष्परिणाम मी लिहायला हवे होते. स्टेरॉइडच्या पंपाने आवाज बसू शकतो, तोंडात बुरशी येऊ शकते, म्हणूनच तो घेतल्यावर चूळ भरून थुंकायची असते; मोठी मात्रा वर्षानुवर्षे घेतल्यास इतर त्रासही संभवतात. मात्र एका दाबातून साधारण १०० ते २०० मायक्रोग्रॅम औषध मिळते, तर स्टेरॉइडच्या ५ मिलिग्रॅमच्या एका गोळीत ५,००० मायक्रोग्रॅम असते, आणि ती गोळी सर्व शरीरात जाते.

परंतु दिवसातून सहा-सात वेळा लागणारा पंप बहुधा स्टेरॉइडचा नसावा. तो साल्ब्युटामोलचा, अनेकदा निळ्या रंगाचा, असतो. त्यावरचे नाव कृपया वाचून पाहा. साल्ब्युटामोल श्वासनलिकांभोवतीचे आवळलेले स्नायू चार ते सहा तास सैल करते, पण नलिकांच्या आतली सूज तशीच राहते, आणि ती सूज हाच दम्याचा गाभा आहे; ती कमी करते ते स्टेरॉइड. पंप वारंवार लागणे ही सवय नसून आजार आटोक्यात नसल्याची खूण आहे. ‘ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा’ या संस्थेने २०१९ पासून दम्यासाठी नुसत्या साल्ब्युटामोलवर विसंबू नये असेच सांगितले आहे. वडिलांना लागणारी धाप खरोखर दम्याचीच आहे का, की सीओपीडीची (श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या फुफ्फुसाच्या आजाराची), हेही स्पायरोमेट्री (यंत्रात फुंकून श्वास मोजण्याची तपासणी) करून छातीच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

माझ्या आईचे सांगतो. तिचा पंप नियमित चालू होता, तरी रात्री खोकून ती उठून बसायची. एकदा डॉक्टरांनी ‘आजी, घेऊन दाखवा’ म्हटले, तेव्हा तिने आधी पंप दाबला आणि मग श्वास घेतला. पांढरा फवारा ओठांच्या कडेने बाहेर गेला. दोन वर्षे औषधाचा मोठा भाग असाच वाया जात होता, आणि आम्ही घरातले रोज ते बघत होतो. स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामधली पोकळ नळी) लावल्यावर काही आठवड्यांत तिची रात्रीची झोप परत आली.

वडील आता पंप घेतील तेव्हा त्यांच्यासमोर बसून ओठांकडे नीट पाहा, आणि डॉक्टरांकडे जाताना घरातले सगळे पंप पिशवीत घालून न्या.