दोन टक्क्यांची यादी आणि मिराशींचा एच-इंडेक्स

पावसाळा सरत आला की नागपूरच्या प्राध्यापकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. थोडक्यात तो असा: स्टॅनफर्ड विद्यापीठाने जगातले सर्वोत्तम दोन टक्के शास्त्रज्ञ निवडले; सायटेशन (आपल्या पेपरचा इतरांनी दिलेला संदर्भ) आणि त्यावरून निघणारा एच-इंडेक्स हे निखळ आकडे, त्यांना वशिला लागत नाही; ज्यांचे आकडे नाहीत ते फुकटचा पगार घेतात; तेव्हा नेमणुका आणि बढत्या याच आकड्यांवर द्या. मी प्राचीन इतिहास शिकवते, पीएचडीचे विद्यार्थी घेते. हा मेसेज पुढे पाठवणाऱ्यांत माझे जवळचे सहकारीही आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी यादी. स्टॅनफर्ड विद्यापीठ कुणालाही निवडत नाही. तिथले प्राध्यापक जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी एल्सेव्हिअर या प्रकाशन कंपनीच्या स्कोपस या संशोधन-लेखांच्या संग्रहातल्या नोंदींवरून हा क्रम लावतात. पद्धत 2019 मध्ये जाहीर झाली. सायटेशनची सहा मोजमापं एकत्र करून गुण काढले जातात. कुणाचाही पेपर कुणी वाचत नाही. याद्या दोन असतात, एक संपूर्ण कारकिर्दीची आणि एक फक्त एका वर्षातल्या सायटेशनची. अभिनंदनाच्या फ्लेक्सवर यातली कुठली, हे लिहिलेलं मी अजून पाहिलेलं नाही. यादीत खरोखर मोठं काम केलेली माणसं आहेत, त्यांचा मला आदरच आहे. पण याला निवड म्हणू नये.

‘आकडा खोटं बोलत नाही’ हे दुसरं म्हणणं. एच-इंडेक्स 2005 मध्ये जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला. एखाद्याच्या वीस पेपरांना प्रत्येकी निदान वीस सायटेशन मिळाली असतील तर त्याचा एच-इंडेक्स वीस. आता दुसऱ्या कुणी तीनच पेपर लिहिले आणि प्रत्येकाला हजार सायटेशन मिळाली, तर त्याचा एच-इंडेक्स तीन. मोठा कोण? गणितातल्या माणसाची तुलना वैद्यकातल्या माणसाशी केली तर गोंधळ आणखी वाढतो, कारण वैद्यकात एकेका पेपरखाली संदर्भांची रांग असते आणि गणितात मोजकेच असतात. 2015 मध्ये हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानावरचा एक पेपर 5,154 लेखकांच्या नावांनी छापून आला. त्याचं प्रत्येक सायटेशन त्या प्रत्येकाच्या खात्यात जमा होतं. ज्यांच्या नावाने तो कण ओळखला जातो त्या पीटर हिग्ज यांनी 1964 च्या त्या कामानंतर दहाही पेपर काढले नाहीत. आपला निर्देशांक सपशेल चुकूही शकतो आणि त्याचे वाईट परिणाम होऊ शकतात, असं 2020 मध्ये खुद्द हर्श यांनीच लिहिलं.

‘आकडे नाहीत ते फुकटचा पगार घेतात’ हे वाक्य मला सर्वांत जास्त लागलं. वासुदेव विष्णु मिराशी याच नागपुरात, मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवत होते. ‘कॉर्पस इन्स्क्रिप्शनम इंडिकॅरम’ या प्राचीन भारतीय कोरीव लेखांच्या मालेचा कलचुरी-चेदी लेखांचा खंड त्यांनी 1955 मध्ये दिला आणि विदर्भावर राज्य केलेल्या वाकाटकांचा 1963 मध्ये. एकेका ताम्रपटाचं वाचन, तिथीचा हिशेब, दान दिलेलं गाव आजचं कुठलं याचा शोध, असं ते काम आहे. त्यात वर्षं जातात आणि पेपरांची संख्या वाढत नाही. वाकाटकांवर काही लिहायचं तर तो खंड आजही उघडावाच लागतो. रामटेकजवळच्या नगरधनला वाकाटक राणी प्रभावतीगुप्ताची मुद्रा सापडली तेव्हा वर्गात मी आधी तोच काढून ठेवला. पण उघडणारे लिहितात ते बरंचसं मराठीत, हिंदीत, पुस्तकांत आणि संशोधन मंडळांच्या अंकांत, आणि स्कोपसचा भर इंग्रजी नियतकालिकांवर. संदर्भसूच्यांची त्याची मोजणी तर 1970 पासूनची. मिराशींचा एच-इंडेक्स काढायला बसलो तर हाती येईल ती आपल्या मोजपट्टीची लांबी.

हे फक्त इतिहासाचंच नाही. अमरावती रोडवरच्या मृदा सर्वेक्षण ब्युरोने राज्याराज्यांचे 1:2,50,000 प्रमाणाचे मातीचे नकाशे केले. असा नकाशा वापरून जमिनीचं नियोजन करणारा अधिकारी कुठे सायटेशन देतो?

आता वशिल्याचा मुद्दा. तो खरा आहे, आणि म्हणूनच हा मेसेज इतका फिरतो. मुलाखतीला जाण्याआधीच नाव ठरलेलं असतं, हे ज्याने सोसलंय त्याला आकडा आधार वाटणारच. मलाही वाटला होता. पण 2010 मध्ये यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) प्राध्यापकांचं काम आकड्यांत मोजणारे एपीआयचे गुण आणले आणि पुढे काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. गुण हवेत म्हणून पेपर, पेपर हवेत म्हणून पैसे घेऊन छापणारी जर्नल्स. 2018 मध्ये यूजीसीला आपल्याच मान्य यादीतून 4,305 जर्नल्स एका फटक्यात काढावी लागली. माझी एक विद्यार्थिनी तीन वर्षं शेताशेतांतून फिरून महापाषाणयुगीन शिळावर्तुळं मोजत होती. प्रबंध देण्याआधी पेपर छापणं तेव्हा सक्तीचं होतं. ती सक्ती 2022 च्या नियमांनी गेली. तिने पैसे भरले, आठव्या दिवशी पेपर छापून आला. मोजमापांच्या तक्त्यात एक चूक राहिली होती. तिला एकही प्रश्न विचारला गेला नाही. ती चूक मलाही दिसली नव्हती, आणि एखाद्या खऱ्या परीक्षकाने ती धरली असती याचं मला आजही वाईट वाटतं.

सायटेशनलाही वशिला लागतो. एकमेकांचे पेपर उद्धृत करणारी टोळकी असतात, गाईडचं नाव प्रत्येक पेपरवर चढतं. 2010 मध्ये सिरिल लाबे या फ्रेंच संशोधकाने संगणकाकडून अर्थहीन पेपर लिहवून घेतले आणि गूगल स्कॉलरवर आइक अंतकारे नावाचा संशोधक उभा केला. त्याचा एच-इंडेक्स झाला 94. हा माणूस अस्तित्वातच नव्हता.

मग करायचं काय? संशोधनाच्या मूल्यमापनावरच्या 2013 च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून (त्यातल्या लेखांना सरासरी किती सायटेशन मिळतात त्या आकड्यावरून) माणसाचं मोल करू नका असं सांगितलं. 2015 च्या लायडन जाहीरनाम्याचं म्हणणं असं की आकडे तज्ज्ञांच्या निर्णयाला मदत म्हणून घ्या, त्याच्या जागी नको. आपल्या कॉलेजांत हे असं करता येईल: उमेदवाराने आपली सर्वांत चांगली तीन कामं द्यावीत, पुस्तक, नकाशा, मराठी लेख काहीही चालेल. बाहेरच्या दोन तज्ज्ञांनी ती वाचून लेखी मत द्यावं, आणि ते मत उमेदवाराला मिळावं. वशिला लावणाऱ्याला कागदावर कारण लिहायला लावलं की त्याची अडचण होते. याला वेळ लागतो, मानधनही द्यावं लागेल. पुढच्या महिन्यात आमच्याकडे मुलाखती आहेत. एवढं तरी करून पाहू, असं पत्र मी प्राचार्यांना दिलं आहे. मेसेज पाठवणाऱ्या सहकाऱ्यांपैकी दोघांनी त्यावर सही केली.