गवत येतं, झाड येत नाही

‘वणव्यानंतर गवत जोमाने येतं’ हे वणव्यांवरच्या एका लेखातलं वाक्य खटकलं. गवत येतंच, कारण त्याची मुळं जमिनीखाली जिवंत राहतात. कोवळ्या रोपाला ती सोय नाही. साताऱ्याजवळच्या आमच्या डोंगरावर आम्ही पाच पावसाळे करंज, आपटा, जांभूळ लावतोय. दर फाल्गुनात कुणीतरी काडी ओढतं आणि कमरेएवढी झालेली रोपं एका दुपारी करपतात. उघड्या पडलेल्या उताराची माती मग वळवाच्या सरींबरोबर ओढ्यात जाते.

आता उन्हाळाही लवकर तापतो. २०२३च्या फेब्रुवारीतलं देशाचं सरासरी कमाल तापमान १९०१पासूनचं तोवरचं सर्वाधिक होतं. गवत लवकर वाळतं, आग झपाट्याने पसरते. त्यातच मार्च-एप्रिलमध्ये टिटवीची अंडी जमिनीवर असतात, त्यांचा लेखात उल्लेखही नाही.