होतकरू हुजऱ्यांसाठी मोफत सल्ला

ब्रिटनच्या राजाच्या डोक्यावर छत्री धरायची तुमची इच्छा असेल, तर पहिली अट आत्ताच सांगून टाकतो: आधी सैन्यात अधिकारी व्हा. भूदल, नौदल, हवाईदल, कुठलंही चालेल. मेजर किंवा त्याच्या तोडीचा हुद्दा मिळाला की तुमच्या नावाचा विचार होऊ शकतो. या पदाला इक्वेरी म्हणतात. एके काळी हे राजाचे घोडे सांभाळणारं खातं होतं. पुढे घोड्यांच्या जागी मोटारी आल्या, पण राजाने स्वतः हातात धरू नयेत अशा वस्तू काही कमी झाल्या नाहीत, त्यामुळे खातं टिकलं. नेमणूक साधारण तीन वर्षांची, उजव्या खांद्यावर सोनेरी गोफ, आणि काम उभं राहण्याचं.

उभं राहण्यात कसलं आलंय कौशल्य, असं म्हणू नका. राजाची हाक ऐकू येईल इतकं जवळ आणि फोटोतून कापता येईल इतकं लांब, अशी एक जागा असते. ती शोधायची आणि राजा हलला की तिच्यासकट हलायचं. शक्यतो देखणे असू नका. चार्ल्स राजाच्या एका स्कॉटिश रेजिमेंटमधल्या इक्वेरीचे किल्टमधले फोटो जगभर फिरले, आणि त्या दिवशी राजाने कशाचं उद्घाटन केलं हे विचारायला कुणाला फुरसत उरली नाही. हुजऱ्याच्या नोकरीत याहून मोठा गुन्हा नाही.

दौऱ्याच्या आधी रेकी करायला तुम्हीच जायचं. मोटार कुठे थांबेल, दार कुठल्या बाजूने उघडेल, पायऱ्या किती, ऊन कुणाच्या डोळ्यांवर येईल, हस्तांदोलनाला कोण कुठल्या क्रमाने उभं असेल, आणि (याची बातमी कधीच होत नाही) स्वच्छतागृह किती पावलांवर आहे, हे सगळं मिनिटांच्या हिशेबात कागदावर उतरवायचं. मग प्रत्यक्ष दिवशी राजा सहज फेरफटका मारायला आल्यासारखा चालतो, आणि आपल्या राज्यातल्या यच्चयावत शाळांच्या भिंती कालच रंगवलेल्या आहेत, अशी त्याची समजूत होते. मंत्र्यांच्या दौऱ्याच्या आदल्या रात्री पडलेलं डांबर ज्यांच्या चपलेला चिकटलं आहे, त्या मराठी उमेदवारांना हा धडा वेगळा शिकवायला नको.

आता शाईकडे येऊ, कारण नोकरी जायची ती इथेच.

१० सप्टेंबर २०२२, सेंट जेम्स पॅलेस. नवा राजा सही करायला बसतो तर टेबलावर पेनांचा ट्रे आडवा. ट्रे चार बोटं बाजूला सरकवायचा, एवढाच प्रश्न. राजा दात आवळून हाताने खूण करतो आणि ट्रे उचलला जातो. तीन दिवसांनी उत्तर आयर्लंडमधला हिल्सबरो किल्ला. पाहुण्यांच्या वहीत सही करताना तारीख पडली १२, होती १३. वर पेन गळायला लागलं. बोटं शाईने भरली. राजा उठला, पेन बायको कॅमिलाच्या हातात दिलं, आणि ही असली गोष्ट आपल्याला सहन होत नाही, हे लोक दर वेळी असंच करतात, अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटत निघून गेला. सगळं कॅमेऱ्यासमोर. ‘हे लोक’ म्हणजे कोण, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. पेन बनवणारे नव्हेत, शाई बनवणारे नव्हेत, तुम्ही.

राजाच्या वैतागाला मी हसत नाही. पाच दिवसांपूर्वी त्याची आई गेली होती आणि दुखवट्यातही त्याला गावोगावी फिरवून सह्या करायला बसवत होते. चिडचिड कुणाचीही झाली असती. फक्त, पेन गळलं तर आपण रुमाल शोधतो आणि राजा माणूस शोधतो. तेव्हा स्वतःचं, आदल्या रात्री तपासलेलं पेन आतल्या खिशात ठेवा, शेजारी टिपकागद ठेवा, आणि आजची तारीख मोठ्या अक्षरात लिहिलेली चिठ्ठी वहीजवळ ठेवायला विसरू नका. चिठ्ठी ठेवलीत म्हणून शाबासकी मिळणार नाही. ती फक्त ‘हे लोक’ होण्यापासून वाचवेल.

जिभेवर मात्र छत्री धरता येत नाही. ऑक्टोबर १९९७ मध्ये एलिझाबेथ राणी जालियनवाला बागेत गेली. पुष्पचक्र, मौन, सगळं कागदाबरहुकूम पार पडलं. मग तिचे यजमान फिलिप दोन हजार मृतांचा आकडा सांगणाऱ्या फलकापाशी थांबले आणि म्हणाले, हा आकडा फुगवलेला वाटतो. आपण नौदलात डायरच्या मुलाबरोबर होतो. (ब्रिटिश सरकारने मान्य केलेला आकडा ३७९.) अशा वेळी हुजऱ्याने काय करावं याचं नेमकं उत्तर मला माहीत आहे: फलकाकडे बघावं, जणू त्यावर पुढच्या कार्यक्रमाची वेळ लिहिली आहे.

स्वतःच्या माणसाला आवरता येत नाही तिथे पाहुण्यांना काय आवरणार? डिसेंबर १९११ मध्ये पंचम जॉर्ज मुंबईला अपोलो बंदरावर उतरला (गेटवे ऑफ इंडिया त्याचीच आठवण) आणि १२ तारखेला दिल्लीत दरबार भरला. संस्थानिकांनी एकेक करून पुढे यायचं, वाकायचं आणि राजाला पाठ न दाखवता मागे मागे सरकायचं, अशी शिकवणी आधीच झाली होती. बडोद्याचे सयाजीराव महाराज आले, एकदाच वाकले आणि वळून सरळ चालू लागले. लंडनच्या पेपरांनी राजद्रोहाची ओरड केली, महाराजांना व्हाइसरॉयकडे खुलाशाचं पत्र धाडावं लागलं. एका पाठीने साम्राज्य हादरतं म्हटल्यावर उलटं चालण्याचा सराव तुम्ही घरच्या घरी आत्ताच सुरू करा. गालिच्याची कड कुठे आहे ते मागे न बघता कळायला हवं.

याहून अवघड काम बातमी सांगण्याचं. ६ फेब्रुवारी १९५२ ला राजकन्या एलिझाबेथ केनियात होती. लंडनमध्ये वडील गेले आणि ती राणी झाली, पण हे तिच्याखेरीज इतरांनाच आधी कळलं. अधिकृत तार वेळेवर हाती पडली नव्हती. एका पत्रकाराकडून ते तिचा खासगी सचिव मार्टिन चार्टरिसला कळलं, त्याने फिलिपचा सहायक माइक पार्करला फोन केला, पार्करने रेडिओ लावून खात्री केली आणि फिलिपला बाजूला बोलावलं. फिलिपने तिला बागेत नेऊन सांगितलं. नोकरांनी आपापसात फिरवून शेवटी घरच्या माणसाकडे सोपवली, म्हणून ती बातमी नीट पोचली. दौऱ्याच्या सामानात काळे कपडे ठेवायची शिस्त तेव्हापासून लागली असं सांगतात. ती बॅग विसरू नका.

मात्र तुमच्या स्वतःच्या घरात बातमी घडू देऊ नका. याच पार्करचं बायकोशी फाटल्याचं १९५७ मध्ये पेपरात आलं आणि त्याला राजीनामा द्यावा लागला. पीटर टाउनसेंडची गोष्ट तर पाठच करून ठेवा. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानं पाडणारा हा वैमानिक १९४४ मध्ये इक्वेरी म्हणून आला तो तीन महिन्यांसाठी, आणि राहिला नऊ वर्षं. २ जून १९५३ ला एलिझाबेथच्या राज्याभिषेकानंतर तिची बहीण राजकन्या मार्गारेटने त्याच्या गणवेशावरचा एक धागा हाताने झटकला. पत्रकारांनी तो पाहिला. टाउनसेंड घटस्फोटित, चर्चला ते मंजूर नाही, त्यामुळे लग्न अशक्य. त्याला ब्रुसेल्सच्या वकिलातीत धाडण्यात आलं. ३१ ऑक्टोबर १९५५ ला मार्गारेटने लग्न करणार नसल्याचं जाहीर केलं. पुढे तिने दुसऱ्याशी लग्न केलं आणि १९७८ मध्ये तिचाच घटस्फोट झाला. २००५ मध्ये तर घटस्फोटित युवराज चार्ल्सने घटस्फोटित कॅमिलाशी विंडसरला लग्न केलं आणि त्या लग्नाला आपले मुंबईचे दोन डबेवाले पाहुणे म्हणून जाऊन आले. धर्म बदलला नव्हता, चर्चही तेच. तेव्हा तुमच्या गणवेशावर धागा दिसला तर तो तुमचा तुम्हीच झटका. राजघराण्यातल्या बाईला झटकू देऊ नका. पन्नास वर्षं थांबायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी.

मोबदल्याचं काय? राजाच्या खासगी सेवेबद्दल रॉयल व्हिक्टोरियन ऑर्डर नावाचा किताब असतो. व्हिक्टोरिया राणीने तो १८९६ मध्ये सुरू केला आणि आग्ऱ्याहून १८८७ मध्ये आलेल्या अब्दुल करीमलाही १८९९ मध्ये दिला. टेबलाशी वाढायला म्हणून आलेला हा माणूस तिला हिंदुस्थानी शिकवू लागला, मुनशी झाला, आणि बाकीच्या गोऱ्या हुजऱ्यांच्या पोटात दुखायला लागलं. १९०१ मध्ये राणी गेली. नव्या राजाची माणसं विंडसरला करीमच्या घरी पोचली, राणीची पत्रं बाहेर काढायला लावली आणि तिथेच जाळली. करीमची रवानगी आग्ऱ्याला.

तेव्हा अर्ज भरताना ‘राजघराण्याशी पत्रव्यवहार’ असा रकाना दिसला, तर खुशाल ‘नाही’ लिहा. असेल तर ती पत्रं आधी माहेरी पाठवून द्या आणि मग ‘नाही’ लिहा.