‘कृपेखाली आहोत, हिशेब मागू नका’ म्हणणाऱ्यांस उत्तर

मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून सध्या एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: येशूने विश्वासणाऱ्याची झालेली आणि पुढे होणारी सर्व पापे वधस्तंभावर एकदाच फेडली, म्हणून पुन्हा पापकबुली देणे हा वधस्तंभाचा अपमान आहे, पश्चात्ताप हा जुन्या कराराचा विषय आहे, सत्कर्मांचा आग्रह धरणारे पाळक लोकांना मोशेच्या नियमशास्त्राच्या जोखडाखाली नेतात, देवाने ज्याला क्षमा केली त्याच्याकडे जुना हिशेब मागणारा माणूस परूशी (नियमांवर बोट ठेवणारा ढोंगी) आहे, आणि हे सत्य मंडळीने दोन हजार वर्षे दडवून ठेवले. असले बरेच काही रोज येते आणि मी ते न वाचता पुसून टाकतो. हा मजकूर मात्र माझ्या मावशीला तिच्या पुतण्याने पाठवला. त्याने तिच्या निवृत्तीच्या पैशांतून धंद्यासाठी मोठी रक्कम उचललेली आहे, ती परत करण्याची भाषा तो आता करत नाही, आणि मजकुराखाली त्याने ‘काकू, वाचा आणि मोकळ्या व्हा’ एवढेच लिहिले होते. पैसे मागण्यात आपलेच काही पाप होते आहे काय, असे मावशीने मला गंभीरपणे विचारले, तेव्हा उत्तर लिहिणे भाग पडले.

म्हणून हिशेबाचा मुद्दा आधी घेतो. मजकुरात मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायातील ‘साताच्या सत्तर वेळा’ क्षमा करण्याची आज्ञा उद्धृत केली आहे आणि लेखक तेथेच थांबला आहे. त्याच अध्यायात थोडे वर येशू सांगतो की, तुझ्या भावाने तुझा अपराध केला तर एकांतात जाऊन त्याचा दोष त्याला दाखव, त्याने ऐकले नाही तर आणखी एकदोघांना बरोबर घे, आणि तरीही ऐकले नाही तर मंडळीला कळव. हिशेब मागणे परूशीपणाचे असते, तर ही पायरीपायरीची रीत प्रभूने कशासाठी शिकवली असती? क्षमेच्या आज्ञेपुढे लगेच येणारा दाखला तर लेखकाने गाळलाच आहे. दहा हजार तलांतांचे कर्ज माफ झालेला दास बाहेर पडताच शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. एक दीनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी आणि एक तलांत म्हणजे सुमारे ६,००० दीनार, यावरून दोन रकमांतील तफावत कळावी. त्या दासाला धन्याची दया मिळाली होती, पण ती त्याच्या वागण्यात उतरली नाही, आणि म्हणूनच धन्याने त्याला शिक्षा करणाऱ्यांच्या हाती दिले. तेव्हा मावशीने मनात आकस धरू नये, हे या अध्यायावरून तिला सांगता येईल. पण पुतण्याने रक्कम बुडवावी, हे मात्र त्यातून कोणालाही काढता येणार नाही.

जक्कयाची गोष्ट या लेखकाने कधी वाचली असेल की नाही, याची मला शंका आहे. यरीहोच्या त्या मुख्य जकातदाराकडे येशू गेला तेव्हा त्याने एक पैही परत केलेली नव्हती, कसले वचनही दिलेले नव्हते, आणि लोक कुरकुरले ते नेमके यामुळेच. म्हणजे दया आधी आली. मग जक्कय उभा राहून म्हणाला की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचे अन्यायाने घेतले असेल त्याला चौपट परत करतो. लेवीय ६ प्रमाणे फसवून घेतलेले परत करताना मूळ रकमेवर पाचवा हिस्सा अधिक द्यावा लागे. कृपा भेटलेला माणूस नियमशास्त्राच्या किती पुढे गेला ते यात दिसते. आणि प्रेषित पौल? पळालेल्या अनेसिम या दासाला त्याचा धनी फिलेमोन याच्याकडे परत पाठवताना ‘त्याचे काही देणे असेल तर ते माझ्या नावे मांड, मी फेडीन’ असे तो स्वतःच्या हाताने लिहितो. कृपेचा सर्वांत मोठा प्रचारक देणे पुसून टाकत नाही, स्वतःच्या अंगावर घेतो.

पापकबुली आणि पश्चात्ताप यांविषयी थोडक्यातच पुरे. १ योहान १:९ विश्वासणाऱ्यांसाठी नाही, असे मजकूर म्हणतो. पण योहान तेथे ‘आपण’ असे स्वतःला धरून लिहितो आणि लगेच पुढे वाचकांना ‘माझ्या मुलांनो’ म्हणतो. बायबलच्या शेवटच्या, प्रकटीकरण या पुस्तकातील सात मंडळ्यांपैकी पाच मंडळ्यांना पुनरुत्थित ख्रिस्त ‘पश्चात्ताप कर’ असे सांगतो. त्या जुन्या कराराखालच्या नव्हत्या. आणि १५१७ मध्ये जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने मांडलेल्या ९५ प्रबंधांतील पहिलाच प्रबंध असा आहे की विश्वासणाऱ्याचे सबंध जीवन पश्चात्तापाचे असावे.

मजकुरात अर्धसत्य आहे, हे नाइलाजाने का होईना मान्य केले पाहिजे. आपल्या कित्येक उपदेशपीठांवरून भीतीच अधिक विकली गेली आहे, आणि प्रभुभोजनाच्या आदल्या रात्री देव आपली पापे वहीत मांडतो आहे अशा धास्तीने झोप न आलेली माणसे मी पाहिली आहेत. तारण कृपेने आहे, कर्मांनी नाही, हे इफिस २:८-९ स्पष्ट सांगते. पण दहावे वचन वाचायला काय हरकत होती? तेथे लिहिले आहे की आपण सत्कृत्ये करण्यासाठीच ख्रिस्तात निर्माण झालो आहोत. शेवटी चिकटवलेल्या रोम २:४ चीही तीच गत. देवाच्या ममतेच्या विपुलतेचे शब्द घेतले, आणि ती ममता पश्चात्तापाकडे नेणारी आहे हा वचनाचा उत्तरार्ध कापला.

सेवेची कामे म्हणजे ‘कर्माचा धर्म’ असे ज्यांना वाटते त्यांनी पंडिता रमाबाईंची १९०७ ची साक्ष वाचावी. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्यावर वाँटेजच्या भगिनींनी (तेथील अँग्लिकन जोगिणींनी) त्यांना लंडनमधील फुलम येथील आपल्या कामाच्या ठिकाणी पाठवले. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रिया तेथे मायेने सांभाळल्या जात होत्या, आणि त्यांतल्याच काही इतक्या बदलल्या होत्या की आजारी व दुबळ्या माणसांच्या सेवेला त्यांनी स्वतःला वाहून घेतले होते. हे लोक असे का वागतात, असे रमाबाईंनी विचारले तेव्हा एका भगिनीने त्यांना योहान ४ मधील शोमरोनी स्त्रीची भेट वाचून दाखवली. पुढे रमाबाईंनी केडगावला अशाच स्त्रियांसाठी घर उभारले आणि त्याचे नाव कृपासदन ठेवले. कोणाच्या भीतीने, किंवा तारण कमावण्यासाठी, हे झाले असे म्हणायला पुरावा काय? त्या घरात जेवण रांधणे, आजाऱ्यांच्या उशाशी बसणे, हिशेब ठेवणे ही सगळी ‘कर्मे’च होती.

राहता राहिला दडवून ठेवलेल्या सत्याचा दावा. ‘चांगले व्हावे म्हणून वाईट करू या’ असे आपण शिकवतो, अशी निंदा काही लोक करतात, हे पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात नोंदवले आहे. आणि कृपा वाढावी म्हणून पापात राहावे काय, हा प्रश्न सहाव्या अध्यायाच्या आरंभी स्वतःच विचारून ‘कधीच नाही’ असे उत्तरही दिले आहे. हे पत्र इसवी सनाच्या ५७ च्या सुमाराचे आहे. म्हणजे हे ‘दडवलेले सत्य’ तेव्हाच उघडपणे मांडून खोडले गेले होते.